मीठ काढलेलं पाणी

माझे सासरे हिराजी यांना दिवसाला पाऊण लिटर पाणी मिळतं. त्यातच चहा आला, औषधांबरोबरचे घोट आले, वरणाचं पाणीही आलं. सकाळी मी बाटलीत पाणी मोजून भरते आणि त्यांच्या दिवाणाच्या डोक्याशी ठेवते. बाटली संपली की त्या दिवसाचं पाणी संपलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार त्यांचं डायलिसिस असतं. मधल्या दिवसांत पोटात जे जाईल ते अंगातच राहतं. पाणी जास्त झालं तर छातीत चढतं. मीठ जास्त झालं तर तहान लागते, आणि तहान लागली की पुन्हा पाणी आलंच. म्हणून मीठही बंद. यात हयगय झाली तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं.

ज्या माणसाने चाळीस वर्षं नायगावच्या खाडीवर मीठ पिकवलं, त्याला मी रोज अळणी भात वाढते. देवाला थट्टेची लहर आली की त्याला नेमकी आमच्यासारख्यांचीच घरं सापडतात.

मिठागरावर बाबा मुकादम होते. मिठाचा थर धरला की वरचं पाणी कधी सोडून द्यायचं, हे ते करंगळीने ठरवत. करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, थुंकायचं. "कडू झालं. सोरा." की बांध फोडला. एक दिवस उशीर झाला तर तो कडूपणा मिठात उतरतो आणि अख्खं पीक खराब होतं. मालकाकडे पाणी मोजायची काचेची नळी होती. नळी आणि हिराजीची करंगळी यांचं जमलं नाही, की मालक नवी नळी आणायचा, असं बाबा सांगतात. यात तिखटमीठ किती ते मला माहीत नाही. पण त्यांच्या हाताखालची माणसं अजूनही रस्त्यात भेटली की आधी त्यांच्या त्या बोटाकडे बघतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि तुळिंजला तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलमधल्या दिवाणावर पडून असतात. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. गावचं घर गेलं, अंगण गेलं. अंगणातल्या कढीपत्त्याचं एक रोप तेवढं मी कुंडीत लावून गॅलरीत आणलं. भावेश, माझा नवरा, सकाळी कारखान्यात जातो तो रात्रीच येतो. क्षितिजा नववीत, म्हणजे घरात असून नसल्यासारखी. आणि मी कऱ्हाडची, तोंडाने फटकळ. एकदा बाबा फ्रीजमधला बर्फ चोखताना सापडले, तेव्हा मी त्यांना असं बोलले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी मी फ्रीजला कुलूप लावलं. फ्रीजला कुलूप लावणारी सून म्हणून बिल्डिंगमध्ये माझी ख्याती आहे. असू दे.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी जेवण टाकलं. डायलिसिसवाल्यांना प्रथिनं लागतात, म्हणून अंड्याचं पांढरं रोज. दोन वर्षं तेच खाऊन त्यांना अंडं दिसलं तरी मळमळायला लागलं. अशा वेळी क्षितिजा म्हणाली, "आई, आजोबांना कोरियन टोफू देऊ या ना. गार असतो, शिजवायचापण नाही. पाच मिनिट्स!" ही मुलगी कोरियन मालिका बघते, कोरियन गाणी ऐकते, आणि मराठीच्या पेपरात काठावर पास होते. पण मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. टोफू चालेल म्हणाल्या, सोया सॉस नको.

पहिल्या दिवशी विकतचा आणला. मऊ टोफूचा ठोकळा बशीत ठेवायचा. पातीचा कांदा बारीक चिरायचा, लसणाची एक पाकळी किसायची, त्यात चमचाभर तिळाचं तेल, भाजलेले तीळ, रंगापुरतं लाल तिखट. क्षितिजासाठी त्यात सोया सॉस, बाबांसाठी लिंबाचे चार थेंब. ते कालवून ठोकळ्यावर ओतायचं आणि गार गार खायचं. बाबांनी चमच्याने कोपरा तोडला, तोंडात धरला, आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले. मग सगळा संपवला. "गारेगार हाय," म्हणाले. घरात त्या पदार्थाचं नाव गारेगार पडलं ते पडलंच.

पुढच्या वेळचं पाकीट आंबूस निघालं. म्हणून मी घरीच करायचं ठरवलं. सोयाबीन भिजवलं, वाटलं, गाळलं, दूध उकळलं, लिंबू पिळलं. नुसता चोथा झाला. क्षितिजा मोबाइलवर एका कोरियन बाईंचा व्हिडिओ लावून बसली होती. ती वाचून सांगायला लागली, "आई, त्या लिंबू नाही घालत. समुद्राच्या पाण्याचं मीठ केल्यावर खाली जे पाणी उरतं ना, कडू, ते घालतात."

दिवाणावरून आवाज आला, "ते तं आमचं पानी."

आम्ही दोघी वळलो. बाबा कोपरावर उठून बसले होते. दोन वर्षांत ते कोणी हात न देता असे उठलेले मी पाहिले नव्हते. "कडू पानी ते. आमी सोरून द्याचो. ज्या बांधाखाली सोरलं तिथं गवत नाय, का बगला नाय उतरत. आन तिकडं त्याचं जेवान करतात?" आणि ते हसले, खोकला येईपर्यंत.

गवत उगवत नाही, बगळा उतरत नाही. हे मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी, माझ्याच हॉलमध्ये ऐकलं होतं, आणि मीही हसले होते.

रविवारी भावेश त्यांना स्कूटरवर घेऊन आगरावर गेला. खाडीकडे अजून एक आगर चालू आहे. परत आले तेव्हा बाबांच्या मांडीवर पाच लिटरचा कॅन होता आणि तो त्यांनी नातवंड धरावं तसा दोन्ही हातांनी धरला होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत भावेशला हात लावू दिला नाही.

भावेशने मात्र विचारलं, "विनिता, बाबांना हे चालेल का? आपण त्यांना मीठ देत नाही."

"अहो, मीठ काढून घेतलेलं पाणी आहे ते," मी म्हणाले. "त्यात मीठ कुठून येणार?"

बाबांनी मान डोलावली. "मीठ आगरात ऱ्हायलं. ह्ये नुसतं पानी."

मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर मिठागर काढते: सूर्य, बाण, वाफ, खाली मीठ. त्या आकृतीत उरलेल्या पाण्याला नाव नसतं, आणि एकाही मुलाने ते कधी विचारलेलं नाही. मलाही कधी सुचलं नाही. आहारतज्ज्ञ बाईंना पुन्हा फोन करावा असं क्षणभर वाटलं होतं. पण टोफूला त्या हो म्हणाल्याच होत्या.

त्यानंतरचा महिना आमच्या घरातला सुखाचा महिना होता. हे लिहिताना लाज वाटते, पण होता. शाळेला सुट्टी लागलेली. रोज सकाळी दूध उकळलं की मी हाक मारायची, "बाबा, या!" ते भिंतीला धरून ओट्यापाशी यायचे. वाटीत कडू पाणी घेऊन मी उभी राहायची. "किती ओतू?" ते करंगळी बुडवायचे, जिभेला लावायचे, वॉशबेसिनमध्ये थुंकायचे. "अजून. अजून वाईच. बास." दूध हळूहळू ढगासारखं बसायचं, जराही फाटायचं नाही. मग ते कापडात बांधून मी गाळणीवर ठेवायची आणि खाली पातेलं लावून सगळं फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी कापडात गारेगार तयार, पातेल्यात निथळलेलं पिवळसर पाणी. कधी मी म्हणायची, आज जरा सैल झालं, तर ते लगेच म्हणायचे, "ऊन लय हाय ना. उद्या चमचाभर जास्ती घालू." त्यांचं मुकादमपण परत आलं होतं. क्षितिजा वर्गातल्या मैत्रिणींना सांगायची, आमचे आजोबा टोफू मास्टर आहेत.

निथळलेलं पाणी मी कढीपत्त्याला घालायची. कडधान्याचं पाणी झाडाला चांगलं, हे आमच्या आईचं शास्त्र. दोनेक आठवड्यांत झाडाची पानं कडेने करपली आणि पिवळी पडून गळायला लागली. मी पातेलं हातात घेऊन म्हणाले, "हे पाणी सोसत नाही की काय याला?"

बाबा दिवाणावरून बघत होते. "ऊन लागलं असंल," म्हणाले. "तुना काम असतात. उद्यापासून झाराला पानी मी घालीन. फ्रीजमंदून काढून दे फकस्त."

मला बरंच वाटलं. माणूस हिंडतो फिरतो आहे, आणखी काय हवं? मी कुलूप उघडून पातेलं त्यांच्या हातात द्यायची, ते गॅलरीत जायचे, रिकामं पातेलं आणून द्यायचे. आठवडाभरात झाड हिरवंगार झालं. जरा बुटकं वाटलं, पण वाळलेल्या फांद्या छाटल्या असतील म्हटलं. "तुमच्या हाताला गुण आहे बाबा," असंही मी बोलले. ते पातेलं ओट्यावर ठेवून दिवाणाकडे गेले.

मग वजन वाढायला लागलं. डायलिसिसच्या आधी काट्यावर उभं करतात. मधल्या दिवसांत दोन किलोच्या वर वाढू नये असा नियम. आधी अडीच झालं, मग तीन, मग साडेतीन. तिथला तंत्रज्ञ डिलन, पापडी गावचा पोरगा, बाबांचा फार लाडका. त्याने मला बाजूला घेतलं. "वहिनी, काका पाणी चोरतायत. हार्टवर लोड येतो. लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. न्हाणीघरातला मग काढून टाकला. बेसिनचा नळ खालून बंद केला. देवाजवळचा तांब्या रिकामा केला. पाणी कुठून जातं आहे ते कळेना, आणि बाबा दिवसेंदिवस मंद होत चालले. पापण्या अर्ध्या खाली आलेल्या. चालताना चपला पायातून निसटायच्या आणि त्यांना पत्ता नसायचा. बोलणं लांबत चाललं. एक वाक्य सुरू करून मध्येच थांबायचे, जणू पुढचा शब्द आणायला कुठे लांब जायचं आहे. उन्हाळा आहे, वय आहे, पाणी चढतं आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. ओट्यापाशी मात्र ते यायचेच. बोट बुडवायचेच.

एका बुधवारी माझा ताबा सुटला. "मरायचंय का तुम्हाला?" मी ओरडले. "तसं सांगा एकदा! म्हणजे मी फ्रीजचं कुलूप काढते आणि सुटते!" क्षितिजा रडत आतल्या खोलीत गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जड जिभेने म्हणाले, "पोरी, मी नलाचा घोट घेतला आसंल तं शपथ." ते खरं बोलत होते. मला तो निर्लज्जपणा वाटला.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी दूध उकळलं. मी वाटीत कडू पाणी घेतलं आणि हाक मारली, "बाबा, या!"

आवाज नाही. मी पुन्हा हाक मारली. हॉलमध्ये जाऊन पाहिलं तर ते उताणे पडलेले, डोळे अर्धवट उघडे. मला बघत होते. श्वास चालू होता, पण एक झाला की दुसरा येईल की नाही अशी वाट बघायला लावत होता. चादरीवर त्यांच्या उजव्या हाताची करंगळी हलत होती. बाकी काहीच हलत नव्हतं.

इस्पितळात त्यांना तडक अतिदक्षता विभागात घेतलं. नाडी चाळिसाच्या खाली आली होती. तासाभराने डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन बाहेर आले. "तुम्ही यांना जुलाबाचं औषध देता? पित्ताचं पातळ औषध? घरगुती काही?"

"नाही हो, काहीच नाही."

"रक्तात मॅग्नेशियम प्रचंड वाढलंय. त्यानेच हातपाय लुळे पडलेत, हृदय मंद झालंय. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. डायलिसिसने काढतोय, पण ते येतं कुठून हे कळायला हवं. पुन्हा असं झालं तर मी खात्री देणार नाही."

मी डोकं खाजवत राहिले. औषधं एकेक करून सांगितली, भाज्या सांगितल्या, टोफू सांगितला. टोफूने एवढं होत नाही, म्हणाले. इतक्यात डिलन यंत्र ढकलत आला. बाबांची अवस्था बघून त्याचाही चेहरा उतरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "वहिनी, ते रोप लागलं का?"

"कसलं रोप?"

"कढीपत्त्याचं. आमच्या पापडीच्या वाडीतलं. गेल्या महिन्यात काकांना आणून दिलं ना, डायलिसिसला शाल आणतात त्या पिशवीतून नेलं त्यांनी." मग त्याला आठवलं असावं, तो ओशाळला. "अरे हां. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. घरातलं झाड मेलं, म्हणाले, सुनेला कळायला नको."

त्या बाकावर बसल्या बसल्या मला सगळं एकदम दिसलं. सासूबाईंच्या अंगणातलं झाड त्या पाण्याने मेलं होतं. त्याच कुंडीतलं नवं झाड हिरवंगार होतं, म्हणजे त्याला ते पाणी कधी मिळालंच नव्हतं. आणि पातेलं तर रोज रिकामं होऊन येत होतं. गार, माझ्याच हाताने कुलूप उघडून दिलेलं, कोणी न मोजलेलं पातेलं.

मी उठून डॉक्टरांना कडू पाण्याचं सांगितलं. त्यांनी हातातला रिपोर्ट खाली केला. मग म्हणाले, "समुद्राचं पाणी आटवून मीठ काढलं की मागे मॅग्नेशियमच तर उरतं, मॅडम. तुम्ही काय करता?" म्हणजे मी काय नोकरी करते, असं त्यांना विचारायचं होतं. मी शाळेत आहे म्हणाले. विषय सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांना नीट जाग आली. भावेश औषधं आणायला गेला होता. मी त्यांचा हात धरून बसले. रागवायचं नाही असं ठरवून आले होते, तरी आवाज चढलाच. "झाड मेलेलं तुम्ही पाहिलंत. कशाने मेलं तेही तुम्हाला कळलं. बांधाखाली गवत उगवत नाही हे तुम्हीच सांगितलंत. मग प्यायलात कशाला?"

"तहान लागलेली," ते म्हणाले. "गार होतं. मोजलेलं नव्हतं." मग म्हणाले, "झार येगलं, मानूस येगला. मी जल्मभर त्याच पान्यात उभा होतो."

"पण मला का नाही सांगितलंत? यशोदाआईंचं झाड होतं ते."

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. सासूबाईंचं नाव मी त्यांच्यापुढे सहसा काढत नाही. "सांगितलं असतं, तं तू कॅन फेकून देला असतास."

"दिलाच असता!"

"मंग मना कोन इचारलं असतं, किती ओतू म्हनून?"

मी नुसती रडले, त्यांचा हात धरून, नर्स आत येईपर्यंत.

आठवड्याने ते घरी आले. कॅन मी आधीच रिकामा केला होता. खाली मातीत ओतवेना, म्हणून मोरीत ओतला आणि वरून तीन बादल्या पाणी टाकलं. टोफू व्हिनेगरनेही बसतो, असं कळलं. डॉक्टरांना विचारून, या वेळी लिहून घेऊन, मी दुकानातून व्हिनेगर आणलं. सोमवारी दूध उकळलं. बाबा दिवाणावर जागेच होते. मी नेहमीसारखी हाक मारली, "बाबा, या! किती ओतू?"

त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. चांगली झाकणाची, लेबलाची बाटली.

"त्याच्यावर लिवलं असंल," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

लिहिलेलं होतं. तेवढंच ओतलं, आणि टोफू छान बसला. पातीचा कांदा, लसूण, तीळ, तेल, लिंबू, सगळं तसंच घालून त्यांच्यापुढे ठेवलं. बशी तशीच परत आली. मी चिडले नाही. दुसऱ्या दिवशीही ठेवली, तिसऱ्याही. आता हाक मारली तरी ते उठत नाहीत. मी रोज विचारते, "किती ओतू?" ते म्हणतात, "तुना येतंय."

फ्रीजचं कुलूप मी काढून टाकलं आहे. क्षितिजा म्हणते, आजोबा आता फ्रीजकडे बघतसुद्धा नाहीत. डोक्याशी ठेवलेली बाटली संध्याकाळी उचलते तेव्हा ती जवळजवळ भरलेली असते.

गेल्या शनिवारी डिलनने त्यांना काट्यावर उभं केलं. दोन दिवसांत वजन अजिबात वाढलं नव्हतं. त्याने काटा पुसला, स्वतः उभा राहून पाहिला, आणि बाबांना पुन्हा उभं केलं. काटा बरोबर होता.